खेड लोकसभा: नकाशावरून गेलेला एक मतदारसंघ

पुणे जिल्ह्यात लोकसभेचे मतदारसंघ किती, असं विचारलं तर बहुतेक जण पटकन "चार" म्हणतात. पुणे, बारामती, शिरूर, मावळ. बरोबर आहे. पण २००८ च्या आधी ते तीनच होते, आणि त्या तिघांत ना शिरूर होतं ना मावळ. पुणे, बारामती आणि खेड. पहिली दोन नावं आजही रोज कानावर पडतात. तिसरं असं गेलंय की पस्तिशीच्या आतल्या पुणेकराला "खेड लोकसभा" म्हटलं की तो कोकणातलं खेड समजतो.

तर आज त्या खेडबद्दल. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

हे खेड म्हणजे भीमेकाठचं, हुतात्मा राजगुरूंचं गाव. गावाचं नाव राजगुरुनगर झालं, तालुका मात्र खेडच राहिला. १९५७ ते २००४ अशा तेरा लोकसभा निवडणुका या नावानं लढल्या गेल्या. मधे मधे हद्दी बदलल्या, नाव टिकलं. शेवटच्या तीस वर्षांत यात विधानसभेचे सहा मतदारसंघ होते: जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, मावळ, मुळशी आणि हवेली. नकाशा डोळ्यांसमोर आणा. माळशेज घाटापासून सह्याद्रीच्या कण्याकण्यानं खाली मुळशीपर्यंत उतरायचं आणि मग पुण्याला पश्चिमेकडून वळसा घालायचा. कुकडी, घोड, भीमा, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा. पुणे जिल्हा ज्या नद्यांचं पाणी पितो त्यातल्या बहुतेकींची उगमं या एका मतदारसंघात. शिवनेरी त्यात, भीमाशंकर त्यात, लेण्याद्री आणि ओझर त्यात, कार्ल्याची लेणी त्यात. आळंदीही त्यात आणि देहूही त्यात.

देहू-आळंदीचं हे लक्षात ठेवा. पुढं परत येणार आहे.

१९५७ ची निवडणूक म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्य, संयुक्त महाराष्ट्राचं वारं आणि बाबासाहेबांना जाऊन जेमतेम तीन महिने झालेले. त्या निवडणुकीत खेडनं लोकसभेवर पाठवले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके. फेडरेशन समितीत होतं, समितीची लाट होती, हे सगळं मान्य. तरीही मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रिपब्लिकन पक्ष अजून स्थापन व्हायचा होता (तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला). अशा वेळी बाबासाहेबांच्या पक्षाचा माणूस पुण्याच्या ग्रामीण भागातून दिल्लीत गेला. आज कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणात याचा उल्लेख ऐकलाय तुम्ही? मी तरी नाही.

त्यानंतर १९६२ आणि १९६७ ला रघुनाथ केशव खाडिलकर. डाव्या विचारांतून आलेला माणूस, काँग्रेसच्या तिकिटावर. १९६७ ते १९६९ ते लोकसभेचे उपाध्यक्ष होते, पुढं केंद्रात मंत्री झाले. म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसून "ऑर्डर, ऑर्डर" करणारा खासदार खेडचा होता. १९७१ ला अनंतराव पाटील, 'विशाल सह्याद्री'चे संपादक. यात एक गंमत बघा. खाडिलकर १९५७ ला अहमदनगरहून निवडून आले होते, मग खेडला आले आणि १९७१ ला बारामतीत गेले. अनंतराव १९६७ ला अहमदनगरचे खासदार होते, १९७१ ला खेडचे. खेड म्हणजे तेव्हा काँग्रेसला आपला माणूस बसवायची सोयीची जागा होती, असं माझं मत. ज्यांना पटत नसेल त्यांनी कमेंटमध्ये भांडावं.

पण १९७७ पासून चित्र बदलतं. इथून खेडची खरी ओळख दिसायला लागते, ती म्हणजे जिल्ह्याच्या उलट चालायची.

१९७७ ला आणीबाणीनंतरची जनता लाट. पुण्यातून मोहन धारिया, बारामतीतून संभाजीराव काकडे, दोघेही जनता पक्षाचे. आणि खेडमधून? काँग्रेसचे अण्णासाहेब मगर! १९८९ ला पुण्यात काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ, बारामतीत काँग्रेसचे शंकरराव पाटील, आणि खेडमध्ये जनता दलाचे मंचरचे किसनराव बाणखेले. २००४ ला पुण्यात काँग्रेसचे सुरेश कलमाडी, बारामतीत खुद्द शरद पवार, आणि खेडमध्ये शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील. तीनदा जिल्हा एकीकडे आणि खेड दुसरीकडे. प्रत्येक वेळची कारणं वेगळी आहेत. पण शहराची हवा किंवा बारामतीचा शब्द या तालुक्यांत जसाच्या तसा चालत नव्हता, एवढं नक्की.

अण्णासाहेब मगरांपाशी जरा थांबू. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ला स्थापन झाली, तिचे पहिले नगराध्यक्ष हेच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ ला पिंपरीत आला, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही तेव्हा गावंच होती. त्या गावांची नगरपालिका करण्यात ज्यांचा पुढाकार होता तोच माणूस सात वर्षांनी ग्रामीण मतदारसंघाचा खासदार झाला. तेव्हा यात कुणाला विसंगती वाटली नाही, कारण तशी ती नव्हतीही. १९७१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या लाखाच्या आत होती. शेतात कारखाना, कारखान्याशेजारी गाव, गावातला पोरगा सकाळी शिफ्टला आणि संध्याकाळी गोठ्यात. सगळं एकच होतं.

पुढचे खासदार प्रा. रामकृष्ण मोरे. १९८० आणि १९८४. चिंचवडचं नाट्यगृह त्यांच्याच नावानं आहे. पुढं ते राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. तुमच्या घरातलं पोर मराठी शाळेत पहिलीपासून ए-बी-सी-डी शिकलं असेल, तर ते या माणसामुळं. निर्णय बरोबर की चूक यावर तेव्हा रान उठलं होतं, आजही उठतं. गावातल्या पोराला इंग्रजी पाचवीपर्यंत वर्ज्य का, हा प्रश्न विचारायला खेडसारखा मतदारसंघ पाहिलेला माणूस लागतो, असं मला वाटतं.

मोरे सरांच्या काळातच, १९८२ ला, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. खासदार मात्र खेडचाच.

१९९१ ला विदुरा नवले, १९९६ ला निवृत्ती शेरकर, १९९८ आणि १९९९ ला अशोक मोहोळ. नवले म्हणजे संत तुकाराम साखर कारखाना, शेरकर म्हणजे जुन्नरचा विघ्नहर कारखाना (निवृत्तीनगर हे नाव त्यांचंच), मोहोळ म्हणजे कुस्तीतल्या मामासाहेब मोहोळांचे चिरंजीव, मुळशीचे. ऊस आणि तालीम. नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवडशेजारी हिंजवडीचं आयटी उभं राहायला लागलं होतं, चाकणला कारखान्यांच्या जमिनी मोजल्या जात होत्या, आणि खासदार येत होता साखर कारखान्यातून. मी हे हिणवायला सांगत नाहीये. गावांकडं संघटना होती आणि नव्या शहराकडं नुसती गर्दी होती, असा याचा अर्थ मी लावतो. औरंगाबाद-लातूर-जळगावहून पिंपरीत आलेल्या कामगाराला आपला खासदार कुठल्या मतदारसंघाचा हेच धड माहीत नसायचं. जुन्नरच्या शेतकऱ्याला मात्र पक्कं माहीत असायचं.

आणि हो, या तेरा निवडणुकांत दहा माणसं निवडून आली. दहाही पुरुष. एकदाही बाई नाही.

आता मुद्द्यावर. खेड गेलं कसं? चहाच्या टपरीवर याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "राजकारण झालं." कुणी म्हणतं अमक्याला सोपं जावं म्हणून तोडलं, कुणी म्हणतं तमक्याला अडवायला तोडलं. असेलही थोडंफार. पण जरा आकडेमोड करून बघू, कारण आकडे फार बोलके आहेत.

१९७७ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत. एका लोकसभेत विधानसभेच्या बरोबर सहा. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्र होता पाच कोटी चार लाखांचा. म्हणजे लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी साडेदहा लाख माणसं, विधानसभेच्या एका मतदारसंघात पावणेदोन लाख. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा होती सुमारे ३१ लाख ७८ हजार. भागा पावणेदोन लाखांनी. उत्तर येतं अठरा. आणि अठरा म्हणजे तीन सक्के! सहा पुणे शहराला, सहा बारामतीला, सहा खेडला. काना ना मात्रा. जिल्ह्याच्या हद्दीबाहेर बोटभरही जायची गरज नाही.

मग १९७६ ला ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यांच्या जागा २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. कारण योग्य होतं: ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पण त्याबरोबर मतदारसंघांच्या आतल्या हद्दीही गोठल्या. २००४ ची निवडणूक आपण १९७१ च्या माणसांच्या हिशेबानं लढलो. मधे तेहेतीस वर्षं.

आणि या तेहेतीस वर्षांत खेडच्या पोटात काय झालं? २००१ च्या जनगणनेत एकटं पिंपरी-चिंचवड दहा लाखांवर गेलं. वरचा आकडा आठवा. १९७१ ला लोकसभेचा एक अख्खा मतदारसंघ साडेदहा लाखांचा. म्हणजे खेड लोकसभेच्या आत आणखी एक लोकसभा उगवली होती, आणि ती मुख्यतः हवेली या विधानसभेच्या एकाच मतदारसंघात कोंबली होती. हवेलीचा आमदार आणि आंबेगावचा आमदार, दोघांचं विधानसभेत एकेकच मत. एकाच्या मागं लाखोंचं शहर, दुसऱ्याच्या मागं डोंगरातली वाड्या-वस्त्यांची लोकसंख्या.

इंग्रजांच्या देशात याच्या बरोबर उलटा प्रकार होता. ओल्ड सॅरम नावाचा एक मतदारसंघ होता. गाव केव्हाच उठलेलं, टेकडीवर गुरं चरायची, मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि तरी तिथून पार्लमेंटात दोन खासदार जायचे. मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला मात्र स्वतःचा एकही नाही. १८३२ च्या कायद्यानं ते संपवलं. तिकडं गाव रिकामं झालं तरी खासदारकी उरली. आपल्याकडं गावं रिकामी झाली नव्हती. जुन्नर भरलेलं होतं, खेड भरलेलं होतं, उलट वाढलंच होतं. फक्त शेजारी शहर एवढं फुगलं की भागाकारात गावांचा वाटा बसेना.

२००२ च्या कायद्यानं न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला गेला. राज्याच्या जागा तेवढ्याच ठेवायच्या, पण २००१ च्या जनगणनेनुसार आतल्या हद्दी नव्यानं आखायच्या. पुन्हा भागाकार. महाराष्ट्र ९ कोटी ६९ लाख. लोकसभेला सरासरी २० लाख १८ हजार, विधानसभेला ३ लाख ३६ हजार. पुणे जिल्हा ७२ लाख ३२ हजार. भागा. उत्तर येतं साडेएकवीस. जिल्ह्याला मिळाल्या एकवीस जागा, म्हणजे आधीपेक्षा तीन जास्त.

पण एकवीसला सहानं भागा बरं. तीन सक्के अठरा, उरले तीन. हे उरलेले तीन खेडला भोवले.

साडेतीन खासदार तर देता येत नाहीत. मग ते तीन कुणाला तरी जोडायचे. पूर्वेला जोडा, दक्षिणेला जोडा किंवा घाटाखाली कोकणात ढकला. आयोगानं मावळ, चिंचवड आणि पिंपरी (राखीव) हे तीन उचलले आणि रायगडच्या कर्जत, पनवेल, उरणला जोडले. झाला मावळ लोकसभा. आता घारापुरीची लेणी आणि कार्ल्याची लेणी एकाच खासदाराकडे आहेत. मधे सह्याद्री आहे, पण कागदावर सह्याद्री दिसत नाही.

मुळशी तालुका भोर-वेल्ह्याबरोबर बांधला आणि बारामतीत टाकला. हे तीन डोंगरी तालुके मिळून आता एकच आमदार. पूर्वी मुळशी नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, तो गेला. सेनापती बापटांनी ज्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला त्या मुळशीचं नाव आज विधानसभेच्या यादीत नाही. जुनी हवेली फोडून तुकडे झाले. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी हे उत्तरेचे तिघे उरले, त्यांना बारामतीतून काढलेला शिरूर आणि शहरी भोसरी-हडपसर जोडले. आंबेगावची लोकसंख्या एका आमदाराएवढीही भरेना, म्हणून शिरूर तालुक्यातली काही गावं आंबेगावला दिली. त्या गावांचं तहसील एकीकडं आणि आमदार दुसरीकडं, हे त्रांगडं तेव्हापासून आहे.

आणि या नव्या सहाच्या गठ्ठ्याला नाव दिलं शिरूर.

इथं माझी खरी तक्रार आहे. हद्दी बदलणं भागच होतं, तो भागाकार कुणालाच टळला नसता. पण नाव? त्याच पुनर्रचनेत चिमूर हा जुना लोकसभा मतदारसंघ मोडला, तरी नाव ठेवलं: गडचिरोली-चिमूर. वाशिम मोडला: यवतमाळ-वाशिम. रत्नागिरी-सिंधुदुर्ग, भंडारा-गोंदिया. मग खेड-शिरूर का नाही? जुन्या खेडचे सहापैकी तीन विधानसभा मतदारसंघ या नव्या मतदारसंघात आहेत. शिरूरचा एक आहे. अर्थात खेड एकटं नव्हतं. नाथ पै आणि मधु दंडवत्यांचं राजापूर त्याच वेळी गेलं. कऱ्हाड गेलं, पंढरपूर गेलं, इचलकरंजी गेलं, कुलाबा गेलं. पण राजापूरसाठी हळहळणारे लोक भेटतात. खेडसाठी कुणी हळहळलेलं मी पाहिलं नाही.

आता देहू-आळंदी. आळंदी खेड-आळंदीत, म्हणून शिरूर लोकसभेत. देहू मावळात. पन्नास वर्षं ज्ञानोबा-तुकोबांचा खासदार एक होता, २००९ पासून दोन झाले. इंद्रायणी एकच, तिच्यातला फेस एकच, पण तो कुणी साफ करायचा यावर पत्रं दोन खासदारांनी लिहायची. वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तिथं तिसराच खासदार. असो.

हे सगळं नुसतं आठवणींचं असतं तर मी एवढं टंकलं नसतं. यात पाण्याचा प्रश्न आहे.

पवना धरण मावळात. त्याचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. नदीऐवजी बंद जलवाहिनीतून न्यायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. योजना पुढं कित्येक वर्षं रखडली. आता मावळ लोकसभेचं गणित मांडा. सहापैकी एका विधानसभेत धरण. दोन त्या धरणाचं पाणी पितात. उरलेल्या तिघांचा, म्हणजे पनवेल, कर्जत, उरणचा, पवनेशी काडीचा संबंध नाही. या मतदारसंघाच्या खासदारानं धरणग्रस्ताच्या बाजूनं उभं राहायचं म्हटलं, तर कुठल्या मतांच्या जोरावर? हा प्रश्न कुठल्याही एका माणसाला किंवा पक्षाला नाही. इथं कुणीही निवडून आला तरी गणित हेच.

भामा-आसखेडचंही तसंच. धरण खेड तालुक्यात, जानेवारी २०२१ पासून पाणी पुण्याच्या पूर्व भागाला. पाणी देणारे शिरूर लोकसभेत, पिणारे पुणे लोकसभेत. पुनर्वसनासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्याचं मत पाणी पिणाऱ्यांच्या खासदाराला घाबरवू शकत नाही.

जुनं खेड असताना सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. पवना धरण त्याच काळातलं, कुकडी प्रकल्पाची धरणंही त्याच काळातली, आणि तेव्हाच्या धरणग्रस्तांचे हाल कमी नव्हते. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी हे पाच धरणांचे तालुके एका गठ्ठ्यात होते. खासदाराला निवडून यायचं तर त्यांच्याकडं यावंच लागायचं. आज तेच पाच तालुके तीन लोकसभांत वाटले गेलेत.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यावर गावाची बाजू घेतल्याचा आरोप येईल. पिंपरी-चिंचवडच्या माणसावर चाळीस वर्षं अन्याय होता. दहा लाखांच्या शहराला स्वतःचा धड खासदार नाही, आमदार जवळजवळ एकच. हे लोकशाहीत चालण्यासारखं नव्हतं. एका माणसाचं एक मत असेल तर त्या मताची किंमतही सारखी हवी. २००८ नंतर त्या शहराला पिंपरी, चिंचवड, भोसरी असे तीन आमदार मिळाले, ते हक्काचेच होते. गंमत अशी की तिथंही त्यांची ताटातूट झालीच. भोसरी शिरूरला, पिंपरी आणि चिंचवड मावळला. महापालिका एक, खासदार दोन, आणि दोन्ही मतदारसंघांच्या नावांत पिंपरी-चिंचवड नाही. २०११ ला सव्वासतरा लाख लोकसंख्या असलेल्या शहराच्या नावानं लोकसभेचा मतदारसंघच नाही!

आणि गावं अजून संपलेली नाहीत. २०१९ ला शिरूरमध्ये भोसरी आणि हडपसर या शहरी भागांनी आढळरावांना आघाडी दिली. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चौघांनी अमोल कोल्हेंना. जिंकले कोल्हे. त्या निवडणुकीत बैलगाडा शर्यत हा मुद्दा होता, पुणे-नाशिक रेल्वे आणि नाशिक रस्त्यावरची कोंडी हे मुद्दे होते. शहरी वर्तमानपत्रांनी बैलगाड्याची चेष्टा केली. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं घातलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली, तेव्हा घाटात गुलाल कसा उधळला ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ती चेष्टा कळणार नाही.

आता पुढचं. ८४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या आहेत. म्हणजे पुन्हा एकदा नकाशा उघडणार. किती जागा वाढतील, उत्तर-दक्षिण वाद कसा सुटेल, त्यात मी पडत नाही. पण २८८ जागा तशाच ठेवून नुसते २०११ चे आकडे टाकून बघा. महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, म्हणजे विधानसभेला सरासरी ३ लाख ९० हजार. पुणे जिल्हा ९४ लाख २९ हजार. भागलं की चोवीस येतात. तीन आमदार वाढले. चोवीस म्हणजे चार सक्के, म्हणजे कागदावर जिल्ह्याला पुन्हा पूर्ण चार खासदार, कोकणाकडं हात पसरायला नको. ऐकायला छान. पण ते वाढीव तीन येणार कुठून? वाघोली, हिंजवडी, वाकड, मोशी, चाकण. आणि आंबेगाव तालुका २०११ ला होता २ लाख ३६ हजारांचा, वेल्हे साडेचोपन्न हजारांचं. सरासरी वर चढली की या तालुक्यांना आणखी गावं जोडावी लागणार. भोर-वेल्हे-मुळशीला अजून एखादा तुकडा, आंबेगावला अजून काही शिरूर नाहीतर थेट जुन्नर किंवा खेडचा भाग. मुळशीचं जे झालं ते आंबेगावचं होऊ शकतं. नाव जाऊ शकतं.

आयोगाचे आदेश एकदा निघाले की कोर्टात आव्हान देता येत नाही. लोकसभेत आणि विधानसभेत ते ठेवतात, पण सभागृहाला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. आयोगाबरोबर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, त्यांनाही मताचा अधिकार नाही. सामान्य माणसाला बोलायची संधी एकदाच मिळते. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापतात, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी घेतात. मागच्या वेळी त्या टप्प्यावर कोण कोण बोलायला गेलं होतं, हे आपापल्या गावातल्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारून बघा. माझा अंदाज असा की पुढारी आणि त्यांचे वकील गेले होते. ग्रामसभेचा ठराव घेऊन कुणी गेलं असेल तर मला नक्की कळवा, मला त्या गावाचं नाव इथं लिहायला आवडेल.

पुढच्या वेळी मसुदा आला की तीन गोष्टी बघायच्या. आपला तालुका एकसंध राहतोय का. धरण आणि त्या धरणाचं पाणी पिणारं शहर यांतलं कोण कुठल्या मतदारसंघात जातंय. आणि नाव काय देतायत. खेड-शिरूर किंवा शिरूर-खेड, पिंपरी-चिंचवड, मुळशी, ही नावं मागायला पैसे पडत नाहीत.

एक विनंती. खेड लोकसभेच्या काळातल्या मतदारचिठ्ठ्या, प्रचारपत्रकं, सभेचे फोटो, भिंतीवरच्या घोषणांचे फोटो, काहीही कुणाच्या घरी असेल तर फोटो काढून इथं टाका. विशेषतः १९५७ च्या बाळासाहेब साळुंक्यांच्या निवडणुकीतलं काही. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर, वाडा, पौड, वडगाव या भागातल्या ऐंशीच्या पुढच्या आजोबा-आजींना त्या निवडणुकीची चिन्हं, घोषणा, कोण कुठं बोललं, काहीतरी आठवत असेल. विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. नाव छापायचं नसेल तर नाही छापणार.